गाडीत लावलेला फोन भरत का नाही?



आपल्या समाजातले किती तरुण आज गाडीच्या चाकावर संसार ओढतात, हे मोजायला बसलो तर आमच्या एका गल्लीतच दोन्ही हातांची बोटे संपतील. कोणी रिक्षा चालवतो, कोणी टेम्पो, कोणी मोबाईलवर भाडे घेणारी टॅक्सी. पूर्वी ड्रायव्हरला गाडी, लायसन्स आणि बॅज एवढे पुरे होते. आता चौथी वस्तू लागते, ती म्हणजे चालू असलेला फोन. भाडे त्यावर येते, रस्ता तोच दाखवतो आणि पुष्कळदा पैसेही त्यावरच जमा होतात. तो बंद पडला की टाकी भरलेली गाडीसुद्धा नुसता पत्रा!

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा असाच टॅक्सी चालवतो. गेल्या मे महिन्यात रविवारी सकाळी तो घरी आला. चहा घेतला, पण तोंड उतरलेले. शेवटी म्हणाला, "मामा, बारा-चौदा हजारांचा फोन हप्त्यावर घेतो म्हणतो. तुम्ही जामीन राहाल का? जुन्याची बॅटरी गेली."

बहीण सोबत आली होती. ती लगेच म्हणाली, "अरे, जूनमध्ये पोरीची फी भरायची आहे. एक हप्ता गाडीचा, त्यात हा दुसरा. भरणार कुठून?"

झाले होते ते असे. आदल्या आठवड्यात त्याला विमानतळावरून पनवेलचे भाडे मिळाले. लांबचे भाडे, खूश होता. फोन गाडीत वायरला लावलेलाच होता. वाशीचा पूल ओलांडला आणि फोन बंद पडला. पुढचा रस्ता प्रवाशांनी आपल्या फोनवर दाखवला. उतरताना फेरी संपल्याची नोंद करायची तर फोन मेलेला. रक्कम किती, यावरून वाद झाला. शेवटी त्या गृहस्थाने आपल्या मनाने दिले तेवढे घेऊन हा परत आला. एका महिन्यात असे तीनदा झाले होते.

मी त्याला एकच विचारले, "घरी भरतो का फोन?"

"घरी तर तासाभरात भरतो, मामा. गाडीतच भरत नाही."

"मग बॅटरी गेली कशावरून?"

"मोबाईलवाल्याने सांगितलं."

"त्याने उघडून पाहिली?"

"नाही. नुसतं हातात घेऊन सांगितलं."

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले होते, हे आपल्याकडे विहारात दर पावसाळ्यात ऐकवले जाते. ऐकीव आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. ते नैतिक आचरणाविषयी आहे, हे मला ठाऊक आहे. पण बारा हजारांचे कर्ज काढण्यापूर्वी पारखून घ्यायला तथागतांची काही हरकत असेल, असे मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या शेजारी बसलो आणि चेंबूरहून पनवेलपर्यंत गेलो. निघताना फोनवर ६२ टक्के होते. वायर लावलेली, चार्जिंगची खूण दिसत होती, नकाशा चालू. पनवेलला पोहोचलो तेव्हा आकडा होता ५५. म्हणजे तासभर भरूनही सात टक्के कमी! भाचा म्हणाला, "बघा, म्हटलं नव्हतं?" मी म्हटले, "थांब. वायर कुठे लावली आहेस ते दाखव."

गाडी त्याने जुनी घेतलेली. तिच्या टेपमध्ये, म्हणजे म्युझिक सिस्टीममध्ये, पेनड्राइव्ह लावून गाणी ऐकण्यासाठी एक यूएसबीची खाच होती. त्यातच त्याने फोन लावला होता. सगळा घोटाळा तिथे होता.

आता थोडा हिशेब करू. घाबरू नका, चौथीतल्या गुणाकाराएवढाच आहे. नळाच्या पाण्याला जसा दाब असतो तसा विजेला व्होल्ट असतो. पाणी किती वाहते तसे अँपिअर. दोघांचा गुणाकार म्हणजे वॅट, आणि फोन किती लवकर भरणार ते या वॅटवर ठरते. गाणी ऐकण्यासाठी दिलेल्या त्या जुन्या धाटणीच्या खाचेतून ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर येतो. गुणाकार अडीच वॅट. आता फोनकडे पाहा. त्याची बॅटरी ५००० मिलीअँपिअर-अवरची, म्हणजे साधारण १९ वॅट-अवर. फोन पूर्ण बंद ठेवला आणि वाटेत काहीही वाया गेले नाही, तरी अडीच वॅटने तो भरायला साडेसात तास लागतील. इथे तर उन्हात पडदा पूर्ण उजळलेला, नकाशा चालू, इंटरनेट चालू. एवढ्या कामाला फोन स्वतःच तीनएक वॅट खातो. अडीच येणार आणि तीन जाणार. घरात कमावणारा एक आणि खाणारे सहा असले की जे होते तेच त्या बॅटरीचे होत होते. बॅटरी बिचारी ठणठणीत होती.

घरचा चार्जर मात्र ३३ वॅटचा. म्हणून घरी तासात काम होई आणि गाडीत होत नसे.

यावर उपाय म्हणजे गाडीतले दुसरे भोक. पूर्वी सिगारेट पेटवायला जे गोल सॉकेट गाड्यांत देत, ते आजही बहुतेक गाड्यांत आहे, फक्त आता त्यातून विडीकाडीऐवजी फोन चालतात. त्यात थेट गाडीच्या बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह येतो आणि इंजिन चालू असताना तो १४ च्या आसपास असतो. त्यामागे फ्यूज असतो, बहुधा १० अँपिअर किंवा त्याहून मोठा. दहाचा धरला तरी १२० वॅट. म्हणजे ताकद भरपूर आहे. ती फोनला सोसेल अशी करून देणारा चांगला चार्जर मधे हवा, एवढेच.

आता हे 'फास्ट चार्जिंग' काय आहे? दुकानदार शब्द फेकतो आणि आपण मान हलवतो. युक्ती अशी, की बारीक वायरमधून जास्त प्रवाह ढकलला तर वायर तापते आणि वीज वाटेतच वाया जाते. म्हणून दाब वाढवतात. ५ व्होल्टऐवजी ९ व्होल्ट आणि २ अँपिअर दिले की १८ वॅट झाले. हीच युक्ती डोंगरावरच्या मोठ्या टॉवरच्या तारांत आहे. कोयनेची वीज दूरवर न्यायची तर दाब लाखो व्होल्टपर्यंत चढवतात आणि गावाजवळ पुन्हा उतरवतात.

विजेचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते, तेव्हा विजेचा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. उद्योग वाढायचे आणि गरिबी हटायची तर वीज मुबलक आणि स्वस्त मिळाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. घटनाकार म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण हे काम आपल्या पोरांनाही पुरते ठाऊक नसते. असो.

चार्जर आणि फोन एकमेकांशी चक्क बोलतात, हे ऐकून भाच्याला हसू आले. पण ते खरे आहे. वायर लावली की सुरुवात ५ व्होल्टनेच होते. मग फोन विचारतो, तुला काय काय जमते? चार्जर सांगतो, मला ९ व्होल्ट जमतात. फोनला पटले तर दाब वाढतो. दोघांची भाषा जुळली नाही तर दोघेही मुकाट्याने ५ व्होल्टवर बसून राहतात. नुकसान काही होत नाही, पण वेगही मिळत नाही. या भाषा अनेक आहेत. एक 'क्विक चार्ज', २०१३ पासून फोनमध्ये येऊ लागली. दुसरी 'पॉवर डिलिव्हरी', चार्जरवर थोडक्यात 'पीडी' लिहिलेले असते. आज नवा फोन घेतला तर बहुधा ही कळते. शिवाय काही कंपन्यांची आपली घरची बोली आहे. खोक्यावर ६७ वॅट, ८० वॅट असे मोठे आकडे असतात. ते त्या कंपनीच्याच चार्जरवर आणि त्याच कंपनीच्या वायरवर मिळतात. तोच फोन गाडीतल्या साध्या चार्जरला लावला की १० किंवा १८ वॅटवर येतो. म्हणून 'माझा फोन ८० वॅटचा आहे, गाडीत का धावत नाही' अशी तक्रार करू नये. गाडीत १८-२० वॅट खरोखर मिळाले तरी नकाशा चालवून बॅटरी वर चढत राहते. ड्रायव्हरला आणखी काय हवे?

भाच्याने साडेपाचशे रुपयांचा पीडी आणि क्विक चार्ज अशी दोन्ही अक्षरे असलेला चार्जर आणला. तरी फोनवर 'फास्ट' काही उमटेना! पुन्हा तोंड उतरले. या वेळी दोष वायरचा होता. फुटपाथवर घेतलेली लांबलचक दोन मीटरची वायर, हातात घेतली तर सुतळीसारखी हलकी. आत तांबे नावाला. वायरवर बारीक अक्षरांत 'एडब्ल्यूजी' आणि पुढे आकडा छापलेला असतो. तिथे उलटा न्याय आहे, आकडा मोठा तर तार बारीक. २८ ची तार असेल तर एक मीटरमध्येच दोन अँपिअरला पाऊण व्होल्टहून जास्त दाब गळून जातो. २४ ची असेल तर त्याच्या निम्म्याहून कमी. दोन मीटरची वायर म्हणजे गळती दुप्पट. म्हणून गाडीत एक मीटरची, जाड आणि टोकाला न हलणारी वायर घ्यावी. वायर बदलली आणि फोनवर 'फास्ट चार्जिंग' ही अक्षरे आली. बहीण त्याच रात्री म्हणाली, "म्हणजे बारा हजारांचं दुखणं सातशे रुपयांत बरं झालं." चार्जर आणि वायर मिळून तेवढाच खर्च आला होता.

पण कथा इथे संपली नाही. चार दिवसांनी दुपारी दोन वाजता त्याचा फोन आला. "मामा, चार्जिंग आपोआप थांबतंय. फोन तव्यासारखा तापलाय."

हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण इथे पैशांबरोबर जिवाचाही प्रश्न येतो. फोनची बॅटरी लिथियमची असते. तिला गरमी सोसत नाही. साधारण ४५ अंशांच्या पुढे ती भरणे योग्य नाही, म्हणून फोन स्वतःच वेग कमी करतो किंवा भरणे थांबवतो. तो बिघडलेला नसतो, स्वतःला वाचवत असतो. मे महिन्यात बंद काचांची गाडी उन्हात उभी राहिली की आत ६० अंशांपर्यंत तापमान जाऊ शकते आणि काळा डॅशबोर्ड त्याहून तापतो. याने फोन अडकवला होता तो नेमका पुढच्या काचेला, भर उन्हात. मी सांगितले, काचेवरून काढ आणि एसीच्या जाळीपुढे लाव. ज्यांच्या गाडीला एसी नाही त्यांनी निदान उन्हाची बाजू टाळावी आणि फोनचे जाड रबरी कव्हर काढून ठेवावे. वायरशिवाय, नुसते पाठीला टेकवून भरणारे स्टँड हल्ली मिळतात. दिसायला छान, पण ते जास्त तापतात आणि हळू भरतात. दिवसभर गाडी चालवणाऱ्याने त्यांच्या नादी लागू नये, हे माझे मत.

जेवायला किंवा नमाज-वंदनेला गाडी उन्हात लावून जाताना फोन आणि पॉवर बँक दोन्ही बरोबर न्यावीत. सीटवर टाकून जाऊ नये. आणि फोनची पाठ फुगलेली दिसली, पडदा कडेने उचललेला दिसला, तर त्या क्षणी वायर काढावी. तो फोन दाबू नये, टोचू नये, पोरांच्या हातात देऊ नये. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. तिथे मात्र खरोखरच बॅटरी बदलावी लागते, आणि ती जाणत्या माणसाकडूनच.

लोक विचारतात, फास्ट चार्जिंगने बॅटरी लवकर मरते का? बॅटरीचे मुख्य वैरी दोन, गरमी आणि सदा १०० टक्क्यांवर ठेवणे. फास्ट चार्जर ५०-६० टक्क्यांपर्यंत भरभर भरतो आणि ८० च्या पुढे आपणच हळू होतो. भरत आलेल्या एसटीत शेवटच्या चार माणसांना चढायला वेळ लागतो, तसेच हे. ड्रायव्हरचा फोन बारा-बारा तास वायरला असतो. पुष्कळ फोनमध्ये आता ८० टक्क्यांवर भरणे थांबवण्याची सोय सेटिंगमध्ये असते. ती चालू करून ठेवावी.

आमच्या जवळच्या रिक्षा स्टँडवर एकाने चार्जर जळू लागला म्हणून फ्यूज पाहिला. तो उडालेला. नवा फ्यूज पाच-दहा रुपयांचा. पण याने सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून बसवला आणि फोन सुरू झाला म्हणून खूश झाला. दोन दिवसांनी हँडलखालून धूर निघाला. वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. दैव बलवत्तर वगैरे काही नव्हते, शेजारच्या पंक्चरवाल्याने धावत येऊन बॅटरीची वायर उपटली म्हणून रिक्षा वाचली. फ्यूज हा आपल्यासाठी जळतो. त्याला जळू द्यावे आणि त्याच आकड्याचा नवा बसवावा. तो पुन्हा पुन्हा उडत असेल तर दोष पुढे कुठेतरी आहे. एक साधी गोष्ट, त्या गोल सॉकेटवर झाकण ठेवा. सुट्टे पैसे ठेवताना एखादे नाणे आत पडले तरी शॉर्ट होऊन फ्यूज उडतो. ट्रक आणि मोठ्या बसच्या ड्रायव्हर बांधवांनी चार्जरवर '१२–२४ व्होल्ट' असे लिहिलेले आहे का ते पाहावे, कारण त्यांच्या गाडीत २४ व्होल्ट असतात.

फोन लावल्याने गाडीची बॅटरी उतरेल, ही भीती फारशी खरी नाही. लहान मोटारीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ४२० वॅट-अवर. एक फोन पूर्ण भरायला वाया जाणारे धरून पंचवीसएक लागतात. मात्र जुनी बॅटरी, बंद इंजिन, चालू गाणी आणि चार फोन असा मेळ रात्रभर जमला तर सकाळी धक्का मारायला माणसे शोधावी लागतील.

दीक्षाभूमीला किंवा सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जीप करून जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. दहा माणसे, दहा फोन आणि एकच चार्जर, हे दृश्य मी स्वतः अनुभवले आहे. चार्जरवर लिहिलेले वॅट बहुधा सगळ्या खाचांचे मिळून असतात. एक फोन लावला तर वेगाने भरतो, तीन लावले की वाटणी होते आणि फास्टपणा जातो. म्हणून एका वेळी एक, अर्ध्या तासाची पाळी लावावी. पहिली पाळी तरुण पोरांच्या रीलची नव्हे, तर गर्दीत हरवू शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या फोनची. आमच्या जीपमध्ये हा क्रम पाळला नव्हता. दादरला उतरल्यावर एका आजीची आणि आमची चुकामूक झाली. तिच्या पिशवीतला फोन बंद. समता सैनिक दलाच्या मुलांनी तिला दीड तासाने आणून सोडले, तोवर तिच्या सुनेच्या डोळ्यांचे पाणी खळले नव्हते.

ड्रायव्हरने गाडी चालवताना वायर लावणे-काढणे करू नये, हे वेगळे सांगायला नको. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमदुरुस्तीप्रमाणे गाडी चालवताना फोनचा वापर फक्त रस्ता पाहण्यासाठी, आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करता येतो. बाकी वापराला दंड आहे.

आपल्या गाडीतले चार्जिंग खरे की खोटे, हे पारखण्याची रीत सोपी आहे. फोन २०-३० टक्क्यांवर आला की लावा, नकाशा चालू ठेवा आणि पंधरा मिनिटांनी आकडा पाहा. दहा-पंधरा टक्के वाढले तर चार्जर आणि वायर दोन्ही नीट. दोन-तीनच वाढले किंवा उलट उतरले, तर आधी खाच बदला, मग वायर, मग चार्जर. फोन सगळ्यांत शेवटी.

भाच्याच्या मुलीची फी दहा जूनला भरली गेली. त्याचा जुना फोन अजून चालू आहे. स्टँडवरचे तिघे-चौघे आता आपापल्या वायरी घेऊन त्याच्याकडे येतात आणि तो पहिला प्रश्न विचारतो, "घरी भरतो का?"